तिच्या पाठीवर माझा हात

ती पहिल्या दिवशी आली तेव्हा मी तिच्यावर खेकसलेच होते. वेळ दिली होती साडेपाचची आणि ही सहा वाजता दारात उभी, हातात कचोरीचा द्रोण. "मॅम, मतलब, खातीपुऱ्याहून ऑटोच मिळत नव्हता." म्हटलं, "ऑटो मिळत नव्हता आणि कचोरी बरी मिळाली!" तर ती हसली. माझ्या खेकसण्यावर हसणारी मुलगी तोवर मी पाहिली नव्हती. मागून तिची आई जिना चढून आली, धापा टाकत म्हणाली, "उशीर झाला बघा आमाला," आणि त्या सातारी हेलावर माझा निम्मा राग तिथंच उतरला. वीस वर्षं जयपुरात काढल्यावर असं मराठी कानावर पडलं की माणूस पाघळतंच.

आधीच सांगून टाकते, नाहीतर मी इकडचं तिकडचं बोलत बसेन. त्या मुलीची पाठ वाकडी होत चालली होती. ते सगळ्यांच्या आधी मला कळलं. तिच्या आईच्या आधी, डॉक्टरांच्या आधी, खुद्द तिच्याही आधी. आणि मी नऊ महिने कुणालाही सांगितलं नाही.

मी बॉलरूम डान्स शिकवते. लोक आधी हसतात, मग विचारतात, "म्हणजे ते मिठी मारून नाचतात ते?" हो बाबा, तेच. पुण्यात कॅम्पात एक म्हाताऱ्या बाई शिकवायच्या, त्यांच्याकडे मी लहानपणापासून बारा वर्षं शिकले. लग्नानंतर ह्यांची बँकेतली बदली जयपूरला झाली, दुर्गापुऱ्यात घर घेतलं आणि इथंच राहिलो. राजा पार्कात एका मिठाईच्या दुकानावरचा हॉल मिळाला. खालून तुपाचा वास, वर माझा वॉल्ट्झ. शिकायला येणारी बहुतेक मंडळी म्हणजे लग्न ठरलेली जोडपी. नवरदेवाला चार पावलं, एक गिरकी आणि शेवटी नवरीला मागे वाकवायचं, एवढंच हवं असतं. मी जीव तोडून सांगतेय की खांदा ओढू नका, आणि तो फोटोग्राफरला विचारतोय की अँगल कुठून घेणार. वीस वर्षं हेच केलं. डोंबल शिकवलं मी!

आणि मग ही आली. तेरा वर्षांची, आठवीत. वडील लष्करात मेजर, त्यांची नेमणूक सीमेवर, म्हणून आई आणि मुलगी इथल्या क्वार्टरमध्ये राहत होत्या. मेसमध्ये मोठ्यांचा नाच बघून तिच्या डोक्यात हे शिरलं होतं. पहिल्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं की हिला तालाचं काही शिकवायची गरज नाही. ते तिच्यात होतंच.

मी तिला वळणं शिकवायला घेतली. बॉलरूमचा सगळा खेळ वळणांत आहे, आणि वळण कधीच खांद्यातून येत नाही. येतं ते जमिनीतून. ज्या पायावर उभे आहात त्यानं जमीन दाबायची, मग गुडघा, मग कंबर, मग बरगड्या, मान सगळ्यांत शेवटी. ओली चादर पिळताना एका टोकाला पीळ दिला की तो हळूहळू दुसऱ्या टोकाला पोचतो, तसं. आणि चालताना उजवा पाय पुढे गेला की डावा हात आपोआप पुढे येतो ना, तेच इथं अख्ख्या अंगानं करायचं. खांदे ओढून फिरलं की नाच नुसता धसमुसळा दिसतो. हे मी शंभर जणांना सांगितलं असेल. त्या मुलीला एकदा सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी ती उजवीकडे अशी वळली की मी टेप बंद करून नुसती बघत राहिले. म्हटलं, अगं बाई, ही कुठून आली!

डावीकडे मात्र अडायची.

डाव्या वळणात ती कंबरेपर्यंत छान यायची आणि वर कुठंतरी पीळ थांबायचा. मग उरलेलं वळण ती खांद्यानं ओढून पुरं करायची. मी चिडायची. माझी जीभ कशी आहे ते माझ्या घरच्यांना विचारा. "आळस! नुसता आळस! मान काय फिरवतेस, बरगड्या फिरव!" एकदा तर मी म्हणाले, "पाठीत काय सळई घातलीय का तुझ्या?" तेव्हाही ती हसली. म्हणाली, "सॉरी मॅम, परत करते." परत केलं, परत अडली, परत केलं. चाळीस वेळा. अंगावरचा टी-शर्ट घामानं चिंब झाला, पण पोरीनं एकदाही कुरकुर केली नाही.

तिच्या उंचीचा, तिच्या तयारीचा मुलगा काही मिळेना. तेव्हा मीच तिच्याबरोबर पुरुषाच्या जागी उभी राहू लागले. या नाचात पुरुषाचा उजवा हात बाईच्या पाठीवर असतो, डाव्या खांद्यामागच्या चपट्या हाडावर. बोटं मिटलेली, तळवा हलका. त्या एका तळव्यावर सगळं कळतं. समोरची श्वास कधी घेते, घाबरलीय का, तिचा तोल कुठल्या पायावर आहे. डोळ्यांनी बघायची गरजच नाही.

पहिल्या महिन्यातच माझ्या तळव्याला कळलं की ते हाड जिथं असायला हवं तिथं नाही. थोडं आत गेलेलं होतं. हात टेकायला मला किंचित पुढे सरकावं लागायचं. मी स्वतःला समजावलं, बारीक आहे पोरगी, वाढीचं वय आहे, दप्तराचं ओझं असेल. मी तिला म्हटलं, "दप्तर दोन्ही खांद्यांवर घे गं." बस्स. झालं माझं कर्तव्य!

मला काहीच ठाऊक नसतं तर गोष्ट वेगळी होती. पण मला ठाऊक होतं. कॅम्पातल्या माझ्या बाई नवीन येणाऱ्या प्रत्येक मुलीला पहिल्या दिवशी भिंतीकडे तोंड करून उभी करायच्या आणि पायाचे अंगठे धरायला लावायच्या. मग मागे उभं राहून वाकलेल्या पाठीकडे एका डोळ्यानं बघायच्या, सुतार फळी बघतो तसं. पाठीची दोन्ही अंगं एका पातळीत आहेत का, एवढंच त्या बघायच्या. आमच्यातल्या एका मुलीला त्यांनी त्याच दिवशी परत पाठवलं होतं. तिच्या बापाला म्हणाल्या, "नाच राहू दे, आधी डॉक्टर." बाप चिडला, तणतणत गेला. मी तेव्हा दहा वर्षांची होते आणि हे सगळं मी कोपऱ्यात उभी राहून ऐकलं होतं. मी स्वतः शिकवायला लागल्यावर सुरुवातीला तसंच केलं. पुढे लग्नाची जोडपी यायला लागली, त्यांना वाकायला सांगितलं की ती अवघडायची, दात काढायची, म्हणून मी ते सोडून दिलं.

त्या मुलीला वाकायला लावणं हे अर्ध्या मिनिटाचं काम होतं. मी लावलं नाही. का, ते मला तेव्हाही माहीत होतं. दिल्लीला एक स्पर्धा होती, त्यात शिक्षक आणि विद्यार्थी असा एक गट होता. वीस वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे कुणीतरी न्यावं असं होतं.

ती वाकलीच एकदा, माझ्या सांगण्यावाचून. मेचा महिना, कूलर घरघरत होता. बुटाचा पट्टा निसटला म्हणून ती माझ्याकडे पाठ करून वाकली. पातळ ओला टी-शर्ट पाठीला चिकटलेला. उजव्या बरगड्या वर आलेल्या होत्या, डाव्या खाली. शंकेला जागाच नव्हती, इतकं स्पष्ट. मी बघितलं. एक, दोन, तीन सेकंद बघितलं. मग वळले आणि गाणं बदलायला गेले.  आणि म्हणाले, "चल, आटप लवकर, अजून तीनदा."

आईला सांगितलं असतं तर काय झालं असतं? ती त्याच दिवशी तिला मिलिटरी हॉस्पिटलात घेऊन गेली असती. त्यांनी नाच बंद केला असता. म्हणजे दिल्ली गेली असती. एवढाच हिशेब होता माझा. मी मनात म्हटलं, ऑक्टोबरात स्पर्धा, तोवर चार-पाच महिने, त्यानं काय बिघडतंय? झालं की सांगू. वाढत्या मुलीच्या पाठीला पाच महिने म्हणजे काय, ते मला विचारायचंच नव्हतं.

ड्रेस शिवायला टाकला तेव्हा आणखी एक संधी आली. गल्लीतले मास्टरजी, लहंगे शिवण्यात अख्खा जन्म गेलेला माणूस. माप घेताना त्यांनी टेप दोनदा लावली, मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "मॅडमजी, बच्ची का एक कंधा नीचे है. पीठ में भी फरक है." मी म्हटलं, "आप सिलाई देखिए मास्टरजी, पीठ मैं देख लूँगी." त्या माणसाचा चेहरा पडला. वर मीच त्यांना उपाय सांगितला, डावीकडे आतून पातळ फोम लावा, म्हणजे मागून दोन्ही बाजू सारख्या दिसतील. परीक्षक मागूनही बघतात ना! मुलीनं विचारलं, "मॅम, हे काय?" मी म्हटलं, "सगळ्यांच्या ड्रेसमध्ये असतं. लाइन चांगली दिसते." किती सहज बोलले मी ते. तिच्याशी खोटं बोलताना माझी जीभ एकदासुद्धा अडखळली नाही.

डाव्या वळणावरही उपाय काढला. नाचाची रचनाच बदलली. डावी वळणं दोन ठेवली, तीही अशी की माझ्याच अंगाच्या जोरावर तिला फिरवता येईल. जे काम तिच्या बरगड्यांना जमत नव्हतं ते माझ्या तळव्यानं रेटून करवून घेतलं. आम्ही दिल्लीत दुसऱ्या आलो. ती मला बिलगून रडली, आनंदानं. तिच्या आईनं माझे हात धरले. म्हणाली, "ताई, बाप लांब असलेल्या पोरीला तुम्ही उभं केलंत." मी म्हटलं, "छे हो, तिचीच मेहनत." परतीच्या गाडीत ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. ठरवल्याप्रमाणे तेव्हा तरी सांगायचं की नाही? नाही सांगितलं. मला वाटलं, आज नको, आज खूश आहेत.

त्या 'आज नको'चे जानेवारीपर्यंत आणखी तीन महिने झाले. मग तिला खोकला झाला, जाईना, म्हणून छातीचा एक्स-रे काढला. छाती ठीक होती. त्या फोटोत कणा दिसला.

मी बातमी ऐकून हॉस्पिटलात गेले. बाहेर बाकावर तिची आई बसली होती, मांडीवर ते मोठं पाकीट. म्हणाली, "डॉक्टर म्हणतात, सहा-आठ महिने आधी आणली असती तर पाठीला पट्टा बांधून भागलं असतं, कदाचित. आता वाक फार झालाय. ऑपरेशनच." त्या 'कदाचित'ला मी किती दिवस धरून बसले होते! कदाचित नसतंही भागलं. कदाचित पट्टा लावूनही वाढलं असतं. रोज सकाळी चहा गाळताना मी हेच म्हणायची. पण तो शब्द डॉक्टरांचा होता, माझा नव्हता, आणि त्यामागे लपायचा मला काही अधिकार नव्हता.

मग तिची आई जे बोलली ते मी विसरायचं म्हटलं तरी विसरणार नाही. "मी रोज तिची वेणी घालते हो ताई. रोज पाठीमागं उभी असते. मला कसं दिसलं न्हाई? मी आई हाय का कोण हाय?" ती स्वतःच्या तोंडात मारून घेत होती, खरोखर, उघड्या हातानं. मी तिचा हात धरला. तिथं, त्या क्षणी, एका वाक्यात मी तिला सोडवू शकत होते. मी म्हणाले, "अहो, असं करू नका. आईला रोज बघून कळत नाही." आणि मूग गिळून बसले.

ऑपरेशन दिल्लीला झालं. मुलीच्या पाठीत दोन सळया आणि स्क्रू बसवले. मी भेटायला गेले, तिनं कॉटवरून मान वळवून माझ्याकडे पाहिलं, मानच फक्त, आणि म्हणाली, "मॅम, आता खरंच घातली सळई." ती हसली. मी बाहेर येऊन जिन्यात बसून रडले. लाज वाटली स्वतःची, इतकी की कुणी तिथंच दोन ठेवून दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

ती आता चालते, शाळेत जाते, दुखतही नाही म्हणे फारसं. पण कमरेच्या वर पीळ घेता येत नाही. कुणी हाक मारली तर अख्खी वळते. मी ज्याला जन्मभर नाच म्हणत आले ते तिच्या अंगातून गेलं.

मी सांगितलं, पण दहा महिन्यांनी. मेजरसाहेबांची दक्षिणेत बदली झाली होती, घर आवरायचं चाललं होतं. काळ्या ट्रंका ओळीनं मांडलेल्या, तिची आई वर्तमानपत्रात कपबश्या गुंडाळत होती. मुलगी शाळेत. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. तळवा, बुटाचा पट्टा, मास्टरजी, फोम, दिल्ली, सगळं. मला वाटलं ती ओरडेल. मी त्याच तयारीनं गेले होते, खरं सांगायचं तर त्याच आशेनं.

ती ओरडली नाही. हातातली कपबशी पुरी गुंडाळून ट्रंकेत ठेवली. म्हणाली, "त्या पॅडचं मला विचारलं होतं तिनं. मी म्हटलं, मॅम काय उगंच करतील का?"  मग म्हणाली, "हॉस्पिटलात का न्हाई बोललात?"

मी म्हटलं, "भ्याले." दुसरं काय म्हणणार?

"तिला सांगणार का आता?"

"तुम्ही म्हणाल तसं. सांगायला हवं. मी थांबते ती येईपर्यंत."

"न्हाई सांगायचं," ती म्हणाली. पहिल्यांदा तिचा आवाज चढला. "तुमी तुमच्या मनावरचं ओझं उतरवायला आलाय. ते माझ्यापाशी उतरवलंत, बास झालं. ती माझ्याशी धड बोलत न्हाई ठाऊक हाय? डॉक्टर तिच्यासमोर म्हणाले की आईला दिसायला हवं होतं. ते तिनं धरून ठेवलंय. बाप लांब, आईचं लक्ष न्हाई, पण मॅम होत्या, मॅमनी मला नाचवलं, असं म्हणते ती. एवढंच हाय तिच्यापाशी. ते बी काढून घेऊ नका. माझ्यावर रागावली तर रागावू दे. मी आई हाय, मी बघून घेईन."

मी म्हटलं, "अहो, पण तुमची काही चूक नसताना..." तिनं हातानं मला गप्प केलं आणि पुढची बशी घेतली. मी जिना उतरून रस्त्यावर आले तेव्हा लक्षात आलं की तिनं मला शिवी तर दिली नाहीच, पाणीसुद्धा विचारलं नाही. सातारची बाई, घरी आलेल्याला पाणी विचारलं नाही. तेवढीच शिक्षा तिला त्या दिवशी सुचली असेल, किंवा शुद्धच नसेल.

आता माझ्या हॉलमध्ये येणारा प्रत्येक जण आधी पायाचे अंगठे धरतो, मग तो नवरदेव का असेना. दात काढले तर मी खेकसते. चार दिवसांपूर्वी एका नवरीच्या आईनं विचारलं, "ये कौन सा स्टेप है?" मी म्हटलं, "पहला."

ती मुलगी मला महिन्या-दोन महिन्यांनी फोन करते. दहावीचं सांगते, नवीन शहरातल्या उकाड्याचं सांगते, तिथलं सांबार किती आवडतं ते सांगते. गेल्या रविवारी दुपारी फोन आला. मी भाजी निवडत होते. आवाज बसलेला वाटला, म्हणून विचारलं तर म्हणाली, आईशी भांडण झालंय.

"कशावरून गं?"

"ते नेहमीचंच. मतलब, मी नाही विसरू शकत मॅम. रोज केस विंचरायची माझे. रोज."

"असं बोलू नये बाळा. आईला रोज बघून नाही कळत." तेच वाक्य. माझ्याकडे दुसरं नाहीच.

 मग म्हणाली, "पण तुम्हाला दिसलं असतं तर तुम्ही लगेच सांगितलं असतं. हो ना, मॅम?"

मी म्हणाले, "हो."